मुलांचे किल्ले आणि खाडीची माती

आश्विन महिना उजाडला, शाळांच्या सहामाही परीक्षा आटोपल्या, कीं आमच्या मध्यमवर्गीय घरांतून एक तक्रार दरवर्षीं न चुकतां ऐकूं येते. हल्लींच्या मुलांना हातानें कांहीं करावयास नको; किल्ला नको, कंदील नको, पणत्या रंगविणें नको; सर्व कांहीं बाजारांतून आयतें आणून दिलें म्हणजे त्यांची दिवाळी साजरी झाली. तक्रार करणाऱ्या गृहस्थांनीं स्वतः गेल्या वीस वर्षांत मातींत हात घातलेला नसतो, हा भाग निराळा. या तक्रारींत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. एक, सणावारांच्या या घरगुती बालकृति फार प्राचीन काळापासून चालत आल्या. आणि दुसरी, त्या मुलांच्या आळसामुळें बुडत चालल्या. आमच्या मतें हीं दोन्ही गृहीतें चुकीचीं आहेत. तीं कां चुकीचीं, हें पाहावयाचें असेल तर पुण्यामुंबईच्या वाड्याचाळींपेक्षां रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील न्हावा-शेव्याचा टापू अधिक उपयोगी पडेल. कारण तेथें हा बदल एका पिढींत घडला आणि त्याच्या तारखा सांगतां येतात.

प्रथम प्राचीनत्वाचा प्रश्न घेऊं. दिवाळी जुनी आहे यांत वाद नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं या सणाचे जुन्या ग्रंथांतील उल्लेख मोठ्या चिकाटीनें जुळवून त्याचा इतिहास मांडला, आणि आतषबाजीचाहि निराळा इतिहास लिहिला. अभ्यंग जुनें, दीपोत्सव जुना. धर्मसिंधूंत कार्तिकांतील आकाशदीपाचें विधान आहे, आणि तो ग्रंथ इ. स. १७९० च्या सुमाराचा. परंतु उंच काठीवर टांगलेला तो धर्मकृत्याचा दिवा निराळा आणि बांबूच्या कामट्यांवर पतंगी कागद चिकटवून, खालीं झिरमिळ्या सोडून मुलांनीं केलेला कंदील निराळा. गिरणीचा स्वस्त रंगीत कागद घरोघर पोहोंचल्याविना दुसरा जन्मास येऊंच शकत नव्हता.

किल्ल्याची गोष्ट अशीच आहे. पेशव्यांच्या बखरींत एक गमतीची हकीकत येते. महादजी शिंद्यांनीं सवाई माधवरावांस कोट्याच्या दिवाळीचें वर्णन ऐकविलें: तेथील राजा नगराबाहेर दारूची लंका करवितो, तींत राक्षस, वानर आणि मारुति सर्व दारूचेच, मारुतीच्या शेपटीस बत्ती दिली कीं तो उड्या घेऊं लागतो आणि लंका पेटते. तें ऐकून तरुण पेशव्यांस तशी लंका पाहण्याची हौस झाली, आणि पर्वतीच्या पायथ्याशीं ती करवून दाखविण्यांत आली. दिवाळींत कोट रचण्याच्या हौसेचा जुना दाखला म्हणून आम्ही एवढाच पुढें करूं. आणि तो कोट देखील राखण्यासाठीं नव्हे, जाळण्यासाठीं रचलेला होता! आज आपण ज्याला दिवाळीचा किल्ला म्हणतों, ज्याच्या माथ्यावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज आणि बुरजाबुरजावर भालाइत मावळे असतात, तो आमच्या मतें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकाचा वारस आहे. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ चा, रायगडावरील शिवोत्सव १८९६ चा. याच सुमारास शिवचरित्र हें विद्वानांच्या वादाचा विषय न राहतां शाळकरी मुलांच्या पुस्तकांत आणि भिंतीवरील चित्रांत उतरलें. मुलें जें ऐकतात तें मातींत करून पाहतात. शहरांतून तें खेड्यांत गेलें असेल तर शाळामास्तरांच्या बोटाला धरूनच गेलें असेल.

मात्र या नव्या किल्ल्यावर एक फार जुनी गोष्ट बसलेली आहे, तिकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. ती म्हणजे अळीव, मोहरी किंवा नाचणी पेरून उगविलेली हिरवळ. किल्ल्याच्या आधीं वीस-बावीस दिवस त्याच घरांत, त्याच मुलांच्या डोळ्यांदेखत, नवरात्रांतील घटाभोंवतीं मातींत धान्य रुजविलेलें असतें. तें विधिपूर्वक, हें खेळांत. पण बी, ओलावा आणि दिवसमोजणी यांचें ज्ञान एकच. गोव्यांतील ख्रिस्ती घरांतहि नाताळच्या गोठ्याभोंवतीं नाचणी रुजवून शेत दाखवितात. ख्रिस्तजन्माचा देखावा मांडण्याची प्रथा इटलींत ग्रेचो येथें संत फ्रान्सिसनें १२२३ सालीं घातली. पण नाचणीचें शेत तिनें इटलींतून आणलेलें नाहीं. तें कोंकणच्या मातीनें तिला दिलें. तेव्हां सणाच्या कृतींत रूप नवें असतें, परकेंहि असूं शकतें. जुनें असतें तें द्रव्य आणि तें हाताळण्याचें कसब. आम्हांस जें सांगावयाचें आहे तें याच कसबाविषयीं.

न्हावें आणि शेवें हीं मुळांत दोन गांवें. पहिलें पनवेल तालुक्यांतील, दुसरें उरण तालुक्यांतील. समोर घारापुरीचें बेट, मागें द्रोणागिरीचा डोंगर, पूर्वेस दूरवर कर्नाळ्याचा सुळका. भोंवतालीं खाडी, तिवरें, मिठागरें आणि खाराची भातशेती. वस्ती मुख्यत्वें आगरी आणि कोळी समाजाची. 'आगरी' हें नांवच मिठाच्या आगरावरून आलेलें. या किनाऱ्यावर जमीन ही परमेश्वरानें दिलेली वस्तु नसून माणसानें समुद्राकडून हिसकून घेतलेली वस्तु आहे. खाडीच्या चिखलाचे गोळे काढावयाचे, त्यांत पेंढा कालवावयाचा, पायांनीं तुडवावयाचें, थरावर थर रचून बांध घालावयाचा, आणि पाणी सोडण्याकोंडण्यासाठीं उघाडी ठेवावयाची. एवढें झाल्यावर देखील लागलीच पीक येत नाहीं. पावसाचें पाणी आंत कोंडून जमिनींतील मीठ धुवावें लागतें. असे बांध घालून जमीन उठविणारांस पूर्वीं शिलोत्रीच्या हक्कानें ती मिळे. पुढें मुंबई सरकारनें १९४८ सालीं खारजमिनींचा कायदाहि केला. बांध एका रात्रीच्या उधाणानें फुटूं शकतो, म्हणून तो राखणें हें साऱ्या गांवाचें काम. मिठागराचें तसेंच: तळ तुडवून तुडवून गुळगुळीत करावयाचा, वरंबे रेखीव ठेवावयाचे. थोडक्यांत, चिखलाची भिंत उभी करणें हा या लोकांचा धंदा होता.

आमचें आजोळ याच खाडीकांठचें, आणि बंदर होण्यापूर्वींच्या कांहीं दिवाळ्या आम्हीं तेथें काढल्या आहेत. येथें स्वतःविषयीं चार ओळी लिहिण्यास वाचकांनीं मुभा द्यावी, कारण पुढील मुद्दा पुस्तकांत सांपडणारा नाहीं. दिवाळी म्हणजे तिकडे भातकापणीची घाई. मोठीं माणसें खाचरांत. घरीं आजी आणि पोरें. नवा पेंढा अंगणांत पडलेला, पावसानें मऊ झालेली माती अजून वाळलेली नाहीं, मिठाचा हंगाम सुरू व्हावयास अवकाश, शाळेस सुट्टी. म्हणजे किल्ल्याला लागणारें सर्व साहित्य ऋतूनेंच दारांत टाकून ठेवलेलें. विकत आणावयाचे ते बाजारांतील मातीचे मावळे तेवढे. आम्ही शहरांतून गेलेलों, पुस्तकांतला रायगड डोक्यांत घेऊन. मामेभावंडांनीं मात्र तट घालावयास घेतला तो नेमका बांधासारखा: चिखलांत पेंढा, पायांनीं तुडविणें, गोळ्यावर गोळा, बाहेरून हात फिरवून उतार. तटास एक लहानशी उघाडीहि ठेवली होती. किल्ल्याला उघाडी कशास, असें आम्हीं विचारलें तेव्हां त्यांस तो प्रश्नच कळेना. भिंत म्हटली कीं तिला उघाडी असावयाचीच! माथ्यावर एक उभा धोंडा रोंवला, आणि तो सर्वांनीं बिनतक्रार कर्नाळा म्हणून मान्य केला. तो सुळका त्यांना शेतांतून रोज दिसत होता, रायगड कोणींच पाहिलेला नव्हता.

आम्हीं मोठ्या हौसेनें त्या तटावर अळीव टाकले. चार दिवस पाणी शिंपडलें, पांचव्या दिवशीं देखील एक कोंब दिसेना. मामा हांसले आणि म्हणाले कीं खाडीचा चिखल तटाला चांगला, पण त्यांत मीठ आहे. हिरवळ पाहिजे तर डोंगराकडची गोडी माती आणावयास हवी होती, नाहीं तर ही माती आधीं धुवावयास हवी. खारजमिनीचें सारें शास्त्र आम्हांस त्या एका न उगवलेल्या शेतानें शिकविलें. आमच्या पुस्तकी शिक्षणांत तें पुढेंहि कोठें आलें नाहीं.

इतर सणांतहि हाच प्रकार. नारळी पौर्णिमेस कोळीवाड्यांत सोनेरी कागदानें मढविलेला नारळ वाजतगाजत समुद्रावर जाई, आणि पोरें झावळीच्या रुंद बुंध्याच्या होड्या करून खाडींत सोडीत. होडीला वजन कोठें ठेवावें, शीड किती उंच चढवावें हें त्यांस बापाचें पाहून ठाऊक. भाद्रपदांत तेरड्याची गौर. तेरडा आणण्यास मुलींची झुंबड माळावर, कारण तो त्याच सुमारास तेथें फुललेला असे. नरक चतुर्दशीला पायाखालीं फोडावयाचें कारीट कुंपणावरच्या वेलाचें. या कृतींना कोणी 'हस्तकला' म्हणत नसे. ऋतूनें जें उरवून टाकलें तें उचलावयाचें, आणि मोठीं माणसें जें पोटासाठीं करतात तें खेळासाठीं करून पाहावयाचें, एवढाच त्यांचा अर्थ.

हें मर्म ओळखलें तें आमच्याकडे ताराबाई मोडकांनीं. जर्मनींत फ्रोबेलनें १८३७ सालीं बालोद्यानाचा प्रयोग आरंभला तेव्हां मातीकाम आणि कागदकाम यांस शिक्षणांत मान मिळाला. पुढें माँटेसोरीबाईंनीं मोजमापाचीं सुबक साधनें तयार केलीं, पण तीं महाग. ताराबाईंनीं १९४५ सालीं ठाणें जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि शिंपले, बिया, गोटे, पानें, माती हींच बालशिक्षणाचीं साधनें झालीं. तेंच काम पुढें कोसबाडच्या टेकडीवर वाढलें. बोर्डी आणि न्हावा-शेवा यांत कोसांचें अंतर आहे, पण किनारा एकच. अंगणांत जें नकळत चालत होतें त्याला ताराबाईंनीं शास्त्राची जोड दिली. आज शहरांतील शाळा 'कार्यानुभवा'साठीं मुलांना खोक्यांत भरलेलें तयार साहित्य विकत आणावयास सांगतात. तें पाहून ताराबाई काय म्हणाल्या असत्या, याची कल्पना वाचकांनींच करावी.

घरची कृति बाजाराची कशी होते याचें उदाहरण याच जिल्ह्यांत पेणला आहे. सार्वजनिक उत्सवामुळें मूर्तींची मागणी वाढली आणि पेणचे कारागीर गणपतींसाठीं विख्यात झाले. पुढें हमरापूर, जोहे, कळवे या गांवांत घराघराचा कारखाना झाला. शाडू गुजराथेंतून येऊं लागला, मग साच्याला सोपें आणि वजनाला हलकें म्हणून प्लॅस्टर ऑफ पॅरिस आलें. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत त्यास मनाई केली. २०२५ च्या जूनमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें अशा मूर्ति करण्यास मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलाशयांत त्यांचें विसर्जन करूं दिलें नाहीं. हा वाद मोठा आहे आणि त्यांत हजारों कुटुंबांची भाकरी गुंतलेली आहे. आम्हांस येथें एवढेंच टिपावयाचें आहे कीं ज्या दिवशीं माती दुरून आली त्या दिवशीं कृति घरांत राहिली तरी तिचा गांवाशीं असलेला संबंध सुटला.

पेणला निदान धंदा राहिला. न्हावा-शेव्यास मातीच गेली. १९७० सालीं नव्या मुंबईच्या उभारणीसाठीं सिडको स्थापन झाली आणि ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गांवांच्या जमिनी संपादनाखालीं आल्या. मोबदल्यासाठीं जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं जो लढा दिला त्यांत १९८४ च्या जानेवारींत, १६ आणि १७ तारखेस, गोळीबारांत पांच जण बळी पडले. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचें तत्त्व या लढ्यांतून निघालें. शेवा कोळीवाडा समूळ उठला. त्यांतील २५६ कुटुंबांना उरणजवळ नेऊन वसविलें, आणि त्या नव्या वसाहतीच्या भुईंतून वाळवी निघून तिनें घरें पोखरलीं. २६ मे १९८९ रोजीं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालें. खाडी भरली, बांध आणि उघाड्या भरावाखालीं गेल्या, मिठागरांवर कंटेनरांच्या राशी उभ्या राहिल्या.

बंदर नको होतें असें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या देशास परदेशांशीं व्यापार करावयाचा आहे त्यास बंदरें लागतात, आणि त्या परिसरांतील कित्येकांस त्यानें चाकरी दिली आहे. परंतु हिशेबाच्या वहींत एक रकाना कोणी मांडला नाहीं. जमिनीचा भाव ठरला, झाडांचा ठरला, घरांचाहि ठरला. पण बांध घालण्याचें कसब ज्यांच्या पायांत होतें, त्यांच्या त्या कसबाचें काय झालें? तें पुस्तकांत नव्हतें, शाळेंत नव्हतें. तें मुलांच्या हातीं पोहोंचत होतें तें केवळ दोन वाटांनीं: बापाच्या बरोबर बांधावर जाऊन आणि दिवाळींत किल्ला करून. पहिली वाट बंद झाल्यावर दुसरी कशाच्या आधारावर चालावी? मग मुलांनीं किल्ला केला नाहीं म्हणून त्यांना आळशी म्हणणें हें, विहीर बुजवून पोरांना पोहतां येत नाहीं म्हणण्यापैकीं आहे.

दैवाची थट्टा अशी कीं जें आयतें साहित्य या घरगुती कृतींच्या जागीं आलें त्याच्या येण्याचा एक मोठा दरवाजा हेंच बंदर. २०२५ सालीं दिवाळीच्या तोंडावर महसूल गुप्तवार्ता संचालनालयानें येथें एक कंटेनर पकडला. पुढच्या बाजूस लेगिंग्जचे गठ्ठे आणि त्यांच्याआड लपविलेले चिनी फटाके! ज्या भुईवर पोरें पेंढ्यामातीची दिवाळी रचीत होतीं तिच्यावरूनच आतां परक्या देशांत तयार झालेली दिवाळी उतरूं लागली आहे. पूर्वीं भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याच्या लाँचनें सोनेरी कागदाचे चार ताव आले तरी गांवांत बातमी होई. आतां शिवडीपासून न्हाव्यापर्यंत सुमारें बावीस किलोमीटरांचा सेतु जानेवारी २०२४ पासून वाहता झाला आहे, आणि माहीमच्या कंदील गल्लींतील कंदील उरणकरांस अर्ध्या दिवसांत जाऊन आणतां येतो.

इतकें लिहिल्यावर प्रामाणिकपणें हेंहि लिहिलें पाहिजे कीं आमचें अनुमान गेल्या दिवाळींत थोडें डळमळलें. उरणजवळच्या एका वसाहतींत कांहीं कामानिमित्त गेलों असतां दोन घरांच्या मधल्या बोळांत किल्ला चाललेला दिसला. पोटांत विटांचे तुकडे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, समुद्र निळ्या प्लॅस्टिकचा, आणि तटाबाहेर आइस्क्रीमच्या काड्यांच्या दोन उंच याऱ्या. बंदरावरच्या याऱ्यांसारख्याच, तिरप्या मानेच्या. शिवाजीमहाराजांच्या किल्ल्यावरून कंटेनर उतरत होते, आणि त्यांत मुलांस कांहीं वावगें वाटत नव्हतें. आमच्या लहानपणच्या उघाडीहून तें अधिक चमत्कारिक म्हणतां येणार नाहीं.

पण तट खाडीच्या चिखलाचा होता. बारा-तेरा वर्षांच्या एका पोरानें तो गोणींतून खांद्यावर वाहून आणला होता. दारांत बसलेल्या त्याच्या आजीनें चिखल नीट तुडविलेला नाहीं म्हणून त्यास फटकारलें, पदर खोंचला आणि स्वतः त्यांत उतरली. पेंढा नव्हता, कोणत्याशा खोक्यांतून निघालेलें कागदी भुसकट तिनें त्यांत टाकलें आणि थोडा वेळ तुडवून पाहून, चालेल, अशी मान हलविली. अळीव तटावर पेरलेले नव्हते. ते एका पत्र्याच्या डब्याच्या झाकणांत, बागेंतल्या मातींत, वेगळे रुजत ठेवलेले होते. खाऱ्या मातीची गोष्ट येथें कोणास सांगावयाची जरूर नव्हती.

एका बाजूचा तट मात्र अजून अपुरा होता, आणि त्यास आणखी चिखल लागणार होता. उद्यां ओहोटी किती वाजतां आहे, असें आम्हीं त्या पोरास विचारलें. त्यानें आजीला तिथि विचारली, बोटांच्या पेरांवर कांहीं मोजलें, आणि वेळ सांगितली.